बोळ न सोडलेलं घर

विडा तोंडात टाका आधी, म्हणजे मध्ये बोलता येणार नाही. आता माझ्या अकलेचं एक प्रदर्शन सांगतो. पुण्यात ते बहुतेकांना ठाऊक आहे, तुम्हीच तेवढे राहिलात.

आम्ही भाऊ वेगळे झालो. भांडण नव्हतं, थोरल्या घरात माणसं मावेनात, एवढंच. नारायण पेठेतली ही चिंचोळी जागा माझ्या वाट्याला आली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. दादा म्हणाले, "एवढ्याशा जागेत संसार व्हायचा नाही. परत यायला लाजू नकोस." झालं! आता दादांना घर करून दाखवणं आलं.

पुढे ओसरी, मग बैठक, मग स्वयंपाकघर, मागे परसात आड आणि न्हाणीचा दगड. चुन्याची फक्की टाकून मी स्वतः आखणी केली. जो येई तो म्हणे, बाजूनं मागे जायला बोळ सोडा. मी म्हणे, बोळात कोण राहतं? ती जागा घेऊन बैठक ऐसपैस केली. सरकारी दफ्तरात कारकुनी करतो मी, चार माणसं येणार, बैठक नको?

वास्तुशांतीला सगळे थोरल्या घरून स्नान करून, रस्त्यात गर्दी नसताना पहाटेच सोवळ्यात आले. स्वयंपाकघरातून परसात खुशाल ये-जा झाली. घराचं कौतुक झालं.  मी दादांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी उठलो. ही पहाटेच, चूल सारवायच्या आधी मागे जाऊन न्हाली होती आणि आता सोवळं नेसून चुलीपाशी बसली होती. मी पंचा खांद्यावर टाकून उंबऱ्यापाशी आलो.

"तिथंच थांबावं," ही म्हणाली. "पारोशानं आत यायचं नाही."

"अगं, अंघोळीलाच चाललोय."

"अंघोळ न करता?"

मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. अंघोळ करायची तर स्वयंपाकघरातून जायला हवं, आणि स्वयंपाकघरातून जायचं तर अंघोळ झालेली हवी. अशी रचना करायला डोकं लागतं, महाराजा!

निमूटपणे शेजारच्या अप्पांच्या दारात गेलो आणि अडचण सांगितली. अप्पा म्हणाले, "या ना. आमच्याकडे परसात जायला वाट आहे. घर बांधताना ठेवली होती." त्यांच्या परसातून भिंतीवर चढून माझ्या परसात उतरलो. अंघोळ झाली. दादांना कळता कामा नये, एवढीच देवाला प्रार्थना केली.

दुपारी दादा आले. भर गर्दीच्या रस्त्यातून, शिवाशिवीतून आलेला माणूस, स्नान करून सोवळं नेसल्याशिवाय पानावर कसा बसणार? त्यांनी विचारलं, पाणी कुठे? मी म्हटलं, मागे. त्यांनी विचारलं, वाट? मी आढ्याच्या तुळया बघू लागलो.

शेवटी त्यांनाही अप्पांकडे नेलं. स्नान झालं, सोवळं नेसून झालं; पण दादांचं पोट आणि ती भिंत यांचं जमेना, आणि रस्त्यानं परत यावं तर पुन्हा शिवाशिव. अप्पांच्या मागच्या पडवीत पान मांडलं गेलं. आमच्या हिनं पुरणपोळ्यांचं ताट भिंतीवरून दिलं, ते अप्पांच्या बायकोनं घेतलं. माझ्या नव्या घराचा पहिला पाहुणा शेजाऱ्याकडे जेवला आणि मी भिंतीपलीकडून आग्रह करत होतो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

हात धुऊन दादा म्हणाले, "पोळ्या उत्तम. आता एक तर बिऱ्हाड घेऊन परत ये, नाहीतर बोळ काढ."

परत जाणं शक्यच नव्हतं. गवंड्याला बोलावलं. बोळ काढायचा तर स्वयंपाकघरही कापावं लागणार. ही म्हणाली, खुशाल कापा, पण तेवढी जागा बैठकीतून भरून मिळाली पाहिजे. तशी दिली. उरलेल्या बैठकीत धान्याच्या कणग्या बसल्या.

तेव्हा तुम्ही आत्ता ऐसपैस बसलात, तो बोळ आहे. रागावू नका, पण जरा उठून भिंतीला चिकटून उभे राहता का? दादा जेवायला आलेत, त्यांना मागे जायचंय.