टिकलीमागचा दिवा

खरं सांगतो, त्या दिवशी मी देवीच्या पाया पडायला निघालोच नव्हतो. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि आई एकवीरेशी माझं बोलणं बंद होतं. आम्ही कोळी माणसं, घरात मूल आलं की आधी कार्ल्याला तिच्या पायावर घालतो. म्हणून लेक हट्टाला पेटली. मी म्हटलं, "तुला नि बाळाला पायथ्याशी सोडतो. वर येणार नाही." ती म्हणाली, "नका येऊ. गाडी तरी नीट चालवा."

गाडीचं आधी सांगायला हवं. चाकात हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागतो. गेल्या वर्षी हवा ठीक असतानाही लागायचा. मिनिटभर लुकलुकायचा, मग पेटून राहायचा. मेकॅनिक म्हणाला, चाकातला सेन्सर मेलाय. बायकोला तो दिवा सहन होईना. "सारखा डोळे वटारून बघतो मेला," म्हणत तिने कपाळावरची मोठी लाल टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. पुढे जावयाने सेन्सर बदलून आणला, पण तोवर ती गेली होती. टिकली काढायला माझा हात धजला नाही. गाडी उन्हात तापायची, तरी टिकली हलली नाही.

मरोळहून निघालो. मुलुंडला सिग्नलला थांबलो आणि टिकली आपसूक गळून पडली. मागे दिवा पेटलेला. मी म्हटलं, नवा सेन्सरही बोंबलला, आणि वाकून टिकली शोधायला लागलो. मागून लेक म्हणाली, "बाबा, आईची टिकली नंतर. आधी हवा बघा."

जवळच्या पेट्रोल पंपावर हवा भरायला एक बाई होती. मी तिला टिकलीसकट सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, "काका, चालू केल्यावर दिवा लुकलुकतो?" गाडी बंद करून पुन्हा चालू केली. लुकलुकला नाही, सरळ पेटून राहिला. "मग सेन्सर ठणठणीत आहे. तुम्हीच त्याचं तोंड बांधलं होतं." पुढच्या डाव्या चाकात हवा निम्मी निघाली. तिने गुडघे टेकून आत हात घातला. आतल्या बाजूला खिळा, आणि त्याच्याशेजारी टायर फुगून आलेला. "हायवेला तापून फुटला असता. तान्हं बाळ घेऊन निघालात ना?" मी डिकीतून स्टेपनी काढून दिली. नट तिनेच आवळले. आभार मानेपर्यंत ती मागच्या रिक्षाकडे वळली होती.

पायथ्याशी गाडीला कुलूप लावलं आणि लेकीच्या हातून बाळ घेतलं. तिच्यासोबत पायऱ्या चढायला लागलो. माझ्या बायकोला का नेलंस, हे आई एकवीरेला विचारायचं मी आठ महिने घोकलं होतं. देवीसमोर उभा राहिलो आणि ते विसरूनच गेलो. नातीला पायावर घातलं आणि रडलो.

मी चौथी शिकलेला माणूस. डिंक सुकला म्हणा. पण गेल्या वर्षीपासून टिकलेला डिंक त्याच सिग्नलला का सुकला, हे मला विचारू नका. मीही आता कुणाला विचारत नाही. सांभाळणारीला सांभाळू द्यावं, एवढं कळलं.

टिकली सीटखाली सापडली, ती देव्हाऱ्यात ठेवलीय. दिवा उघडाच आहे. चावी फिरवली की क्षणभर लागतो आणि विझतो. तेवढ्यात मी हात जोडून घेतो.