मागच्या खोलीतल्या मावशी

मावशी आधी पाय बघायच्या आणि मग तोंड. आपण टांग्यातून उतरून, वळकटी खाली ठेवून, पोरांना गोळा करून बंगल्याच्या पायऱ्यांशी उभे राहिलो की वरून पहिला शब्द यायचा, "पाय बगू." मग वहाणा काढायच्या, बाजूच्या दगडी कुंडातलं पाणी पायांवर घ्यायचं आणि टाचांवरची लाल माती गेली का, ते त्यांना दाखवायचं. शाळेत पोरांची नखं तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेलेली. माझेच पाय कुणी तपासावेत याचा पहिल्या खेपेला मला रागच आला होता.

आम्ही तिथं पोचलो ते पोरांच्या हट्टापायी. मालतीचे, म्हणजे माझ्या बायकोचे भाऊ राजस्थानात एका खऱ्याखुऱ्या राजवाड्यात राहून आले होते आणि वर्षभर दुसरं काही बोलत नव्हते. ते ऐकून आमची दोन्ही पोरं रोज जेवताना विचारू लागली, आपण राजवाड्यात कधी जायचं? मास्तराच्या पगारात राजवाडा म्हणजे अंथरूण हातभर आणि पाय दोन हात. तरी मी सात-आठ संस्थानांच्या कचेऱ्यांना उत्तराच्या कार्डासकट जोडकार्डं टाकली. निम्म्यांची उत्तरं आली नाहीत, उरलेल्यांचे दर वाचून मालती म्हणाली, "इथं राहायला नको, नोकरीला जाऊ या." शेवटी आमच्या शाळेतल्या शिपायानं वाट दाखवली. तो मावळातल्या कान्हे गावचा. लोणावळ्याला वळवणच्या बाजूला एका लहानशा संस्थानाचा उन्हाळी बंगला होता. गावात त्याला राजवाडाच म्हणत. थोरले सरकार वारल्यावर तिथल्या चार खोल्या मे महिन्यात कुटुंबांना अगदी थोडक्यात मिळू लागल्या होत्या. या शिपायाची आत्या तो बंगला सांभाळत होती.

त्या आत्याबाई म्हणजेच आमच्या मावशी. नवरा तिथला माळी. तो गेल्यावर बागेचं, घराचं, स्वैपाकाचं सगळं त्यांनीच ओढलं. बंगल्याच्या मागं नोकरांच्या तीन खोल्या होत्या. दोन रिकाम्या, तिसरीत मावशी. लग्न होऊन डोंगरातल्या वाडीवरून त्या तिथं आल्या त्या तिथल्याच झाल्या. बंगल्यातल्या झुंबराचे निम्मे लोलक गळलेले, भिंतीवरच्या सांबराचा एक डोळा गेलेला. पण दिवाणखान्यातल्या बैठकीवर रोज सकाळी धुतलेली चादर चढायची. तिच्यावर बसायचं धाडस आमच्या धाकट्यानं एकदाच केलं. मावशींनी त्याला उचलून जमिनीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सरकार कवा येतील सांगता यत न्हाई."

जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं, करवंदाचं लोणचं. राजाच्या घरी पिठलं कसं, म्हणून पोरांची तोंडं उतरली. थोरले सरकार ह्याच जागेवर बसून हेच जेवत, असं मावशींनी सांगितल्याबरोबर दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते खरं होतं की नाही कुणास ठाऊक. "राजाच्या घरी आलाय, भूक ठिवून उटायचं न्हाई," असं म्हणून त्या मलाही वाढत राहायच्या. मालतीची आणि त्यांची चुलीपाशी गट्टी जमली. तासन्‌तास दोघी काय बोलत देव जाणे. मी आपला व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून स्वतःला संस्थानिक समजत पडलेला असायचो.

पण त्या बाईच्या मनाला स्वस्थता नव्हती. मी वर्तमानपत्र उघडलं की त्या ओल्या हातांनी दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, सरकारांचं काही आलंय का? धाकटे सरकार मुंबईत असत. बाप गेल्यापासून ते इकडं फिरकले नव्हते. महिन्याला पगार यायचा, त्याबरोबर चिठ्ठीचं चिटोरं नसायचं. बंगला विकणार अशी आवई दर पावसाळ्यानंतर उठायची आणि मावशी झोप घालवून बसायच्या. आमच्या तिसऱ्या मे महिन्यात तर त्या पार वाळून गेल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं, तुमच्या खोलीचं काही कागदावर आहे का? नसेल तर मी अर्ज लिहून देतो. मास्तराला दुसरं काय सुचणार?

त्यांना ते आवडलं नाही. थोरल्या सरकारांनी शेवटच्या दुखण्यात त्यांना समोर बोलावलं होतं आणि बेलभंडार उचलून शब्द दिला होता, की तुझी हाडं इथंच पडतील, तुला इथून कुणी उठवणार नाही. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मोडला तर घराण्याचा नाश होतो, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं खरं.

"बेलभंडार उचलल्यावर कागुद मागायचा म्हंजी मेल्या मानसाला खोटं पाडायचं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं, मास्तर."

मी पुष्कळ समजावलं. धाकट्या सरकारांनी तो शब्द ऐकलेला तरी आहे का, असंही विचारलं. त्यावर त्या उठून चुलीकडं गेल्या. मालतीनं मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्यांचा सगळा भरवसा एका वहीवर होता. उतरलेल्या प्रत्येक पाहुण्यानं जाताना त्या वहीत शेरा लिहायचा, हा थोरल्यांच्या काळचा रिवाज. मावशींना वाचता येत नव्हतं, पण कुणी किती ओळी लिहिल्या हे त्या बोट लावून मोजायच्या. वही भरली की ती मुंबईला जायची. आपण घर कसं ठेवलंय हे सरकारांना त्यातून कळतं, आणि कळतंय तोवर आपल्याला धक्का नाही, असा त्यांचा हिशेब. चौथ्या वर्षी निघताना त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "औंदा जरा दांडगं लिवा."

मी दांडगं लिहिलं. सबंध पान भरलं. वास्तूची भव्यता लिहिली, भोजनाची रुची लिहिली, मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडेल असा हा राजवाडा आहे असं एक झोकदार वाक्य टाकलं. तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण उत्तरपत्रिकेवर सूचना लिहिल्याशिवाय पेन खाली न ठेवण्याची माझी खोड. त्या बंगल्यात न्हाणीघर एकच, सकाळी चार कुटुंबांची रांग लागायची. म्हणून शेवटी लिहिलं की मागच्या नोकरांच्या खोल्या काढून तिथं न्हाणीघरं बांधल्यास येथे उत्तम हॉटेल चालू शकेल. माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन रिकाम्या खोल्या होत्या. तिसरीचा विचारच मनात आला नाही. मावशींनी ओळी मोजल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. काय लिहिलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, सगळं चांगलंच लिहिलंय.

पुढची दोन वर्षं मालतीच्या आजारपणात गेली; शिपाईही शाळा सोडून गावी शेती करायला गेला, तशी तिकडची खबर तुटली. दरम्यान संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि एका सकाळी चहा पिता पिता वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. लोणावळ्याच्या त्या बंगल्याचं हॉटेल झालं होतं. जाहिरातीत वरच ठळक अक्षरांत होतं : मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडेल असा राजवाडा. आपलं वाक्य छापून आल्याचा मला क्षणभर आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मालतीनं जाहिरात वाचली आणि एवढंच विचारलं, "मग मावशी कुठं आहेत?"

त्याच रविवारी आम्ही दोघं गेलो. पाय धुवायला कुणी सांगितलं नाही. धाकटे सरकार स्वतः टेबलाशी बसले होते. माणूस सज्जन वाटला. माझं नाव सांगताच उठून त्यांनी हात हातात घेतला. तनखा गेल्यावर बंगला विकायच्या बेतात होते, तेवढ्यात जुन्या वह्या चाळताना माझा शेरा सापडला आणि मार्ग दिसला, असं ते म्हणाले. मागच्या बाजूला नेऊन त्यांनी कौतुकानं न्हाणीघरं दाखवली. तीन होती. म्हातारीला काही महिन्यांचा पगार देऊन भाच्याकडं पोचवलंय, म्हणाले. बेलभंडाराचं मी विचारलं. ते त्यांच्या कानांवरच आलं नव्हतं. मावशींनी सांगितलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "ती काहीच बोलली नाही. बोचकं बांधून उभी राहिली."

तिथून आम्ही कान्ह्याला गेलो. शिपायाच्या घरी पडवीत मावशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मालतीला पाहून उठायला गेल्या, त्यांना उठवेना. घरचं माणूस म्हणून भाचा चांगलं करत होता, पण मावशींचे हात सारखे काम शोधत होते हे दिसत होतं. चहा झाला. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं : शेरा मी लिहिला, खोल्या काढायचं मीच सुचवलं, तुमचं घर माझ्यामुळं गेलं. मान वर करायची माझी हिंमत नव्हती. त्या शिव्या देतील, निदान रडतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"म्हंजी धाकल्या सरकारनी वही वाचली?" त्यांनी विचारलं.

वाचली, मी म्हणालो.

"मला वाटायचं वह्या तशाच पडत्यात. कुनी बगत न्हाई." मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "माजं नाव हुतं का त्यात?"

भरलेलं ते पान मला ओळीन्‌ओळ पाठ होतं. वास्तू होती, भोजन होतं, न्हाणीघरं होती. नाव नव्हतं. चार उन्हाळे त्या बाईच्या हातचं जेवलो आणि मी त्यांना मावशी म्हणत आलो. त्यांचं नाव काय, हे मला त्या घटकेलाही माहीत नव्हतं. मी होतं म्हणालो. खोटं बोललो. त्यांनी डोळे वर केले आणि विचारलं, "कसं लिवलं हुतं?"

पोरांना फळ्यासमोर उभं केल्यावर त्यांचं काय होतं ते मला त्या पडवीत कळलं. तेवढ्यात शेजारून मालती हळू आवाजात म्हणाली, "सोनाबाई गेनू. असं लिहिलं होतं, मावशी."

नवऱ्याचं नाव कानांवर येताच मावशींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "व्हय, तेच," म्हणाल्या, आणि सूप पुढं ओढून पुन्हा निवडायला लागल्या.