गुडघा गेला, तरी नेस्तोर खेळला

नेस्तोर आज सकाळी गेला.

माझ्या बहिणीचा नवरा. आमच्या घरातला एकमेव प्रोफेशनल फुटबॉलर. हे लिहितानाही छाती फुगते. रडू येतंय, तरीही.

सत्तरच्या दशकात इथल्या एका क्लबने बोलावलं म्हणून तो उरुग्वेहून सिडनीत आला. पोझिशन मिडफिल्ड. दिवसा रंगाच्या फॅक्टरीत काम, संध्याकाळी ट्रेनिंग, रविवारी मॅच. तेव्हा इथे प्रोफेशनल सॉकर म्हणजे हे असंच होतं.

आम्ही मूळचे वसईचे, तोवर सिडनीत स्थायिक झालेलो. पप्पा ड्राफ्ट्समन, बहीण फिलूताई नर्स, मी युनिव्हर्सिटीत. आमच्या क्वेकर्स हिल उपनगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळी जागाच जास्त होती.

ताई आणि तो चर्चमध्ये भेटले, मासच्या प्रार्थनेनंतरच्या चहाला. त्याचं इंग्लिश जेमतेम, ताईचं स्पॅनिश शून्य. तरी वर्षभरात ताईने घरी सांगून टाकलं, लग्न करीन तर याच्याशीच.

पप्पांना त्याच्या देशाची अडचण नव्हती, भाषेचीही नव्हती. अडचण पायांची होती.

"ज्याचं सगळं पायांवर, त्याचा पाय गेला तर?"

ताईने वाद घातला नाही. त्यांना एका मॅचला घेऊन गेली.

पप्पांनी अख्खी मॅच नेस्तोरवरच नजर ठेवली. परतताना कारमध्ये म्हणाले की गोल करणारे दुसरेच होते, पण सगळी टीम याच्याकडे बघून खेळत होती. आणि वर, "माणूस डोक्याने खेळतो."

तोच होकार.

लग्नानंतरच्या पहिल्याच विंटरमध्ये गुडघा गेला.

एक वाईट टॅकल, आणि लिगामेंट तुटलं. सर्जन म्हणाले, चालशील नीट, खेळायचं विसर. सीझन संपला आणि क्लबने कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही.

पप्पांची भीती जशीच्या तशी खरी ठरली होती. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

पप्पा एवढंच म्हणाले, "स्विमिंग पूल सकाळी किती वाजता उघडतो?"

तेव्हापासून रोज ऑफिसच्या आधी ते त्याला पूलवर न्यायचे. नेस्तोर पाण्यात चालायचा. पप्पा काठावर टॉवेल घेऊन उभे, लॅप्स मराठीत मोजत. त्याला इंग्लिशआधी मराठी आकडे पाठ झाले, असं ताई सगळ्यांना हसत सांगायची.

नेस्तोरही हसायचा, पण ते वरवरचं होतं. एकदा तो मला म्हणाला होता, दुखण्याची त्याला भीती नव्हती. बॉल नसला की आपण नक्की कोण, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

पुढच्या वर्षी एका छोट्या क्लबने ट्रायलला बोलावलं. कोचने त्याला पळताना पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. नेस्तोर मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "मेट, पळायला बाकीचे आहेत. बॉल मला दे."

कोचने त्याला मागे, डिफेन्सच्या पुढ्यात उभं केलं.

आधीचा नेस्तोर अख्खं ग्राउंड तुडवायचा. हा नवा नेस्तोर जागच्या जागी काम उरकायचा. बॉल पायाशी यायच्या आधीच त्याने मान वळवून सगळं बघून ठेवलेलं असायचं. एक टच, एक पास, विषय संपला.

त्या क्लबने त्याला कॅप्टन केलं.

आणि मग कपच्या मॅचमध्ये समोर आला त्याचाच जुना क्लब.

आम्ही सगळे स्टँडमध्ये. बोचरा वारा सुटलेला. मॅच संपत आली तरी एकही गोल नाही. तेवढ्यात नेस्तोरकडे बॉल आला. त्याने उजवीकडे बघितलं, समोरचे डिफेंडर उजवीकडे सरकले, आणि पास गेला डावीकडे. तिथे आमचा विंगर एकटाच.

गोल.

आमच्या पुढच्या रांगेत जुन्या क्लबचा एक सपोर्टर बसला होता. तो वैतागून शेजारच्याला म्हणाला, याला आपण सोडलाच कशाला?

पप्पा उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दॅट्स माय सन-इन-लॉ."

तोपर्यंत पप्पांनी कुणाशीही त्याची ओळख 'फिलूचा नवरा' अशीच करून दिली होती. ताईने ऐकलं. मॅच संपेपर्यंत ती रडतही होती आणि टाळ्याही वाजवत होती.

नेस्तोर त्यानंतरही बरीच वर्षं खेळला. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा थांबला. पेपरात त्याचं नाव क्वचितच यायचं, कारण पेपरवाले गोल करणाऱ्यांची नावं छापतात. त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. आम्हाला वाटायचं.

आज हॉस्पिटलमधून परतताना ताईला विचारलं, काय लिहू?

ती म्हणाली, "लिही, फार छान खेळला. आणि मॅच हरली तरी घरी हसत यायचा."

लिहिलं, ताई.

नेस्तोर, जड मनाने आणि ताठ मानेने तुझा निरोप घेतो.