दुखवट्याच्या वर्षातली सहल

किस्से जमवावे लागत नाहीत. घरात मोजकी माणसे असली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी पुष्कळ असली, की ते आपोआप साठतात. आमच्या सहलीचे किस्से आज आमच्या शहरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत सगळ्या नातेवाइकांत सांगितले जातात. काहींत मी पाण्यात नाचले आहे. एकात तर चष्म्यासकट वाहून गेले आहे. सांगायचेच असतील तर ते खरे सांगितले जावेत, म्हणून आता मीच सांगते. मान खाली घालावी असे त्यात काही नाही.

प्रथम माणसे. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. आता निवृत्त आहे. माझा एकुलता मुलगा मुकुंद चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. ऐन श्रावणात, कामावरून घरी येऊन पायांतले बूट सोडतानाच तो गेला. मागे सून वैशाली, आठ वर्षांची गार्गी आणि पाच वर्षांचा ओजस. माझे यजमान पूर्वीच गेलेले. त्यामुळे घरातला वडीलकीचा मान त्यांच्या थोरल्या बहिणीचा. त्या कमलवन्सं. राहतात शेजारच्याच गल्लीत.

आमच्यात माणूस गेल्यावर वर्षभर घरात सण नाही. तळण नाही, तोरण नाही, तीर्थयात्रा नाही. हे सगळे मी पाळले, आणि मनापासून पाळले. रूढी निरर्थक असते असे मी कधी मानले नाही. पण हे वर्ष हळूहळू मुलांच्या अंगावर चढत चालले होते. गार्गी दार आवाज न करता लावायला शिकली. वैशालीला फोनवर बोलता बोलता हसू आले, तर ती आधी खिडकीकडे पाही.

*

शाळेच्या स्नेहसंमेलनात ओजस ससा होणार होता. बाईंनी त्याचे कानही शिवून घेतले होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कमलवन्सं शाळेत गेल्या. या घरात अजून वर्ष झालेले नाही, असे सांगून त्याचे नाव काढवून आल्या. आम्हाला कळले ते दुसऱ्या दिवशी, त्याला घेऊन शाळेत पोहोचल्यावर.

ओजस प्रेक्षकांत माझ्याजवळ बसला. ससे आले, नाचले, गेले. त्याने टाळ्याही वाजवल्या. घरी परतताना त्याने मला विचारले, "आजी, मी नाचलो असतो तर बाबांना राग आला असता?"

मी म्हटले, नाही.

"मग कुणाला आला असता?"

त्याच संध्याकाळी मी वैशालीला सांगितले, की परीक्षा संपल्या की मुलांना पुण्याच्या पलीकडच्या त्या मोठ्या पार्कमध्ये न्यायचे. पाळणे, पाणी, सगळे असते तिथे. मुलांना आधी कळू द्यायचे नाही. ती घाबरून म्हणाली, "आई, वर्ष..."

"वर्ष मी पाळते आहे," मी म्हटले. "मुलांनी पुरेसे पाळले."

*

ही गोष्ट मी वन्संपासून लपवली नाही. लपवून केलेली गोष्ट बरोबर असली, तरी चुकीची दिसू लागते. त्या ऐकून म्हणाल्या, "शास्त्र सोडून जायलीस तू, शालिनी."

हा शब्द मला लागला. मी त्यांना घेऊन आमच्या घरच्या गुरुजींकडे गेले. गुरुजी वृद्ध आहेत, मितभाषी आहेत. विचारलेल्याहून अधिक सांगत नाहीत. त्यांनी एकेक निषेध सांगितला. मंगलकार्य नाही. तीर्थयात्रा नाही. डोंगरावरच्या देवाचे दर्शन नाही.

"आणि पाळणे?" वन्संनी विचारले.

गुरुजींनी डोळे मिटून बराच विचार केला. म्हणाले, "पाळण्यांचा उल्लेख आढळत नाही."

वन्संचे म्हणणे पडले, की उल्लेख नाही म्हणजेच निषेध. मी म्हटले, उल्लेख रिक्षाचाही नाही. तुम्ही इथे रिक्षाने आलात.

परत येताना त्या रिक्षात बसल्या नाहीत. भर उन्हात चालत निघाल्या, म्हणून मलाही चालावे लागले. घराच्या कोपऱ्यावर थांबून त्या म्हणाल्या, "लेकरांचं सोड. तरणी सून हाय तुझी. नवऱ्याचं वर्ष व्हायच्या आत पाण्यात खिदळायली म्हणतील लोकं. तिला जन्मभर पुरंल ते."

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. भीती होती, आणि ती खरी होती. लोक तसे म्हणणार, हे मलाही ठाऊक होते.

"वन्सं," मी म्हटले, "मुलगा माझा गेला. लोकांचा नाही."

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरी येणे बंद केले.

*

आता आश्चर्याचा, म्हणजे ज्याला हल्ली सरप्राइज म्हणतात, त्याचा किस्सा. आमच्या घरात प्रवासाला निघणारा माणूस देवापुढे सुपारी ठेवतो आणि कुठे जातो आहे, कधी परतणार, हे देवाला मोठ्याने सांगतो. देवाला न सांगता उंबरा ओलांडायचा नाही. मुले मागे हात जोडून उभी असतात. म्हणजे देवाला सांगितले की मुलांना कळले.

वैशाली म्हणाली, मनातल्या मनात सांगा. पण मनात सांगण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मुलांच्या सोयीसाठी देवाशी कुजबुजणे मला पटेना. मग मी उपाय काढला. सगळे संस्कृतात सांगितले. जलक्रीडेसाठी आणि दोलारोहणासाठी सपरिवार जात आहोत, परवा सायंकाळी परतू, असे खणखणीत संस्कृतात निवेदन करून सुपारी ठेवली. ओजसने जांभई दिली. मला माझ्या युक्तीचे समाधान वाटले.

पार्कमध्ये पोहोचल्यावर वैशालीच्या लक्षात आले, की टॉवेल घरीच राहिले. तेव्हा गार्गीने मुकाट्याने आपली पिशवी उघडली. आत टॉवेल होते, पोहण्याचे कपडे होते, ओजसच्या कानांत घालायचे कापसाचे बोळे होते. तिला गेली दोन वर्षे संस्कृत शिकवणारी मीच, आणि विसरलेही मीच.

कळले होते तर बोलली का नाहीस, असे मी तिला विचारले.

ती म्हणाली, "तू देवाशी बोलत होतीस ना आजी? मी मधे कशाला बोलू?"

*

खोटे बोलायचे नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. न बोलण्याला मात्र परवानगी आहे. याच दोन नियमांच्या आधारावर वाळूज ते नगर हा रस्ता पार पडला.

ओजस विचारी, कुठे चाललो? मी सांगे, पश्चिमेला. तिथे काय आहे? माणसे आहेत. आपली आहेत का? सर्व माणसे आपलीच असतात. यानंतर त्याने माझा नाद सोडला आणि गाडी चालवणाऱ्या सलीमभाईंना धरले. सलीमभाई मूळचे खुलताबादचे. मुकुंदच्या कारखान्यातल्या लोकांची ने-आण करीत, म्हणून ओळखीचे. त्यांनाही मी निघताना दोन्ही नियम समजावून सांगितले होते.

नगरला चहासाठी थांबलो, तेव्हा ओजस त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आपण कुठे चाललो, ते खरे सांगा.

सलीमभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बेटा, अम्मा ने बोला झूट नै बोलने का. फिर बोले, सच बी नै बोलने का. अब मेरे पास बोलने को बच्याच क्या?"

*

पाण्याच्या भागात शिरताना एका मुलीने मला अडवले. अंगावर माझे नेहमीचे सुती पातळ होते. ती नम्रपणे म्हणाली, "आजी, आत सुती चालत नाही. नायलॉनच लागतं. इथं भाड्यानं मिळतं."

वैशालीला वाटले, आता मी परत फिरणार. आमच्या देवघरात नायलॉन चालत नाही. स्वयंपाकाच्या सोवळ्यात तर त्याचे नावही काढत नाहीत. पण मी त्या मुलीला कारण विचारले आणि तिने ते नीट सांगितले, की सुताचे धागे निघून गाळणीत अडकतात. पाणी शुद्ध राहावे म्हणून एक विशिष्ट वस्त्र नेसूनच आत यायचे, यालाच आम्ही सोवळे म्हणतो. ज्याचे स्थान, त्याचे सोवळे. मी ते मानले.

मिळालेला पोशाख निळा होता. त्यावर मोठमोठे मासे होते. मी बाहेर आले, तेव्हा वैशालीने मान फिरवली. गार्गी मात्र म्हणाली, "आजी, तू छान दिसतेस."

खोटे बोलू नये, असे मी तिला तिथल्या तिथे बजावले.

*

दुपारी नावेच्या रांगेत उभे होतो. ही नाव पाण्यातून उंच चढते आणि एकदम खाली सुटते. ओजसएवढ्या मुलांना मोठ्यांसोबत तीत बसता येते. वैशाली अजून कशातच बसली नव्हती. मुलांचे कपडे सांभाळत ती काठाकाठाने फिरत होती. फार आग्रहाने मी तिला रांगेत उभे केले होते.

तेवढ्यात मागून हाक आली. आमच्याच गल्लीतल्या एक बाई, कुटुंबासह आलेल्या. त्यांनी वैशालीला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "अगं बाई, वैशाली तू? इथं?" म्हणाल्या, आणि बोलता बोलता हातातला फोन थोडा वर झाला.

वैशाली रांगेतून बाहेर पडली. चेहरा सुतकात होता तसाच झाला. ओजसने लगेच तिचा हात धरला आणि म्हणाला, "चल आई, आपल्याला नाय बसायचं." पाच वर्षांचा मुलगा, दिवसभर ज्या नावेकडे पाहत होता, तिला पाठ करून उभा राहिला. ससे नाचून गेले त्या दिवशी तो असाच शहाणा झाला होता.

मी त्या बाईंना म्हटले, "तिला इथे मी आणले आहे. फोटो चोरून काढू नका, नीट काढा. मला मधे घ्या. मासे दिसले पाहिजेत."

त्यांनी काढला. काढावाच लागला. मग मी सुनेचा हात धरून तिला रांगेत परत आणले आणि आम्ही चौघेही नावेत बसलो. पुढे काय झाले, त्याबद्दल नातेवाईक मला अजून विचारतात. मी सांगते, पाण्याचा आवाज फार मोठा होता.

आम्ही घरी पोहोचण्याच्या आत तो फोटो सगळ्या नातेवाइकांत पोहोचला होता.

*

श्रावणात मुकुंदचे वर्षश्राद्ध झाले. सगळे आले. कमलवन्संही आल्या. माझ्याशी न बोलता दाराजवळ बसल्या. सहलीचा विषय कोणी काढला नाही. पण वैशाली पाणी द्यायला गेली, की बोलणे थांबत होते.

ओजस पाटावर बसला. बोटातले दर्भाचे पवित्रक त्याला फार सैल होत होते. त्याची मुंज व्हायची आहे, म्हणून मंत्र गुरुजींनीच म्हटले. तर्पणाची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्याच्या ओंजळीत पाणी आणि तीळ घातले. म्हणाले, बाबांना आठव, जे सांगायचे असेल ते मनात सांग, आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोड.

मनात कसे सांगायचे, हे या घरात त्याला कोणी शिकवलेले नाही.

"बाबा," तो मोठ्याने म्हणाला, "आम्ही नावेत बसलो होतो. ती वर गेली आणि एकदम खाली आली. आजीनं माझा दंड लई जोरात धरला."

कोणीतरी खाकरले. ओजसने वळून सगळ्यांकडे पाहिले. मग ओंजळीवर वाकून त्याने आवाज लहान केला. पण खोलीत इतकी शांतता होती, की दाराजवळ बसलेल्यांनाही ते ऐकू गेले.

"आणि बाबा, आई हसली. खूप हसली."

वैशाली भिंतीला टेकून खाली बसली. वन्संनी पदर तोंडाला लावला. ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून पाझरू लागले, तसा ओजसने घाबरून गुरुजींकडे पाहिले.

गुरुजींनी एकदा वैशालीकडे पाहिले आणि एकदा त्याच्याकडे.

"पोहोचलं," ते म्हणाले. "आता पाणी सोड."