गुरुवारच्या पिशवीतला सुरण

बायको गेल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, पुण्याला चला. इथं तुम्हाला कोण करून घालणार?"

"मीच घालीन मले," मी म्हटलं. त्याला हसू आलं. शेवटी ठरलं, हिवाळाभर मी स्वतः नीट रांधून खाल्लं तर देऊळगाव राजातच राहीन, नाहीतर घराला कुलूप.

मग गावाबाहेरच्या एका शेतकरीण बाईकडे मी हंगामभराची भाजी लावली. दर गुरुवारी ती स्कूटीवरून पिशवी आणते. अमुकच दे, असं आपण सांगायचं नाही. त्या आठवड्यात शेतात निघेल ते घ्यायचं. मी जन्मात वांगी-बटाट्यापलीकडे कशाला हात लावला नव्हता. पहिल्याच पिशवीत करडईचा पाला निघाला. गवत समजून शेजारच्या गाईला घालणार होतो. पण खाल्ला! नवलकोल आला, खाल्ला. चंदनबटव्याचं तर नाव ऐकूनच राग आला, पण तोही खाल्ला. बाई दरवेळी विचारायची, "काका, कसं करायचं ते सांगू का?"

"मले येते," मी म्हणायचो. तीस वर्षं एसटी चालवली, कोणाला रस्ता विचारला नाही. भाजी काय विचारायची?

मग आला सुरण. मातीनं माखलेलं ओबडधोबड ढेकूळ. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. रविवारी त्यातला अर्धा सोलला, चिरला, तेल-तिखट-मीठ टाकून शिजवला. हात असे खाजायला लागले, काय सांगू! तेवढ्यात दारात पोरगा. न कळवता. परीक्षाच घ्यायला आला होता लेकाचा.

ताटं वाढली. दुसऱ्याच घासाला तो ओरडला, "बाबा, घसा खाजतोय!"

"थंडी पडली आहे, दुसरं काय," म्हटलं आणि त्याच्यासमोर आणखी वाढून घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताट पुसून खाल्लं.

तांब्याभर पाणी पिऊन तो उठला आणि कपाटातून माझे शर्ट काढायला लागला. "पुरे झालं, बाबा. आईनं तुम्हाला काही शिकवलंच नाही."

माझं डोकंच सणकलं. तिनं शिकवलं नाही? अरे, मी कधी विचारलं? चाळीस वर्षं आयत्या ताटावर बसून 'मीठ कमी आहे' एवढंच म्हणालो. लाज वाटली. स्वतःचाच राग आला.

शर्ट हिसकावून घेतले आणि त्याच्यासमोरच बाईला फोन लावला. "बाई, सुरण बिघडला. कसा करायचा, सांगा."

"हाताले तेल लावून चिरा, काका. आन् आधी चिंचेच्या पाण्यात उकडा. तवाच काऊन नाही विचारलं?"

"चुकलं. लिहून घेऊन राह्यलो, हळू सांगा."

जुन्या पाकिटाच्या मागं सगळं लिहून घेतलं. पोरगा बघतच उभा होता.

"तू निघ आता," मी त्याला म्हटलं. "मले उरलेला अर्धा सुरण करायचा आहे."