पांढऱ्या उंदरांची खीर

मला उंदीर आवडत नाहीत, आधीच सांगतो. पण रांझी या आमच्या वस्तीत शेजारी राहणाऱ्या लताताईंपुढे तसं बोलायची सोय नव्हती. शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत त्या पांढऱ्या उंदरांची देखभाल करायच्या. "हिचे आधी उंदीर, मग मी," असं त्यांचे यजमान नागसेनभाऊ चिडवायचे.

प्रयोगशाळेतल्या मेघना मॅडमनी त्यांना काम नीट समजावलं होतं. जीव खूश झाला की मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं. त्या जागा किती रिकाम्या, हे यंत्र फोटोत दाखवतं. मेंदू कापायला नको, उंदीर जिवंत राहतो. लताताईंना ह्याचंच फार समाधान होतं. एका नव्या औषधाच्या आधी एक आणि नंतर काही फोटो काढून ते ताडून बघायचे होते. फक्त फोटोआधी उंदरांना उपाशी आणि शांत ठेवायचं.

पहिला फोटो नेमका बुद्धपौर्णिमेला आला. सकाळी वंदना झाली, घरोघरी खीर वाटून झाली. सणाच्या दिवशी कोणी उपाशी राहावं, हे लताताईंना बघवेना. त्यांनी डब्यातून खीर नेली आणि बोटानं एकेकाला चाटवली.

मग औषध सुरू झालं, पुढचे फोटो निघाले, आणि कशाचा कशाला मेळ बसेना. मॅडमनी विचारलं, "लता दीदी, पहिल्या फोटोच्या दिवशी काही खायला दिलं होतं का?"

"हो मॅडम, जराशी खीर. पोर्णिमा होती ना. सणाचं काहून उपाशी ठेवू, म्हटलं."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खिरीच्या आनंदानं जागा आधीच भरल्या होत्या, म्हणून तो फोटो वाया गेला. आता अंगात औषध भिनल्यावर तो पुन्हा काढता येणार नव्हता. आणि प्रयोगातून बाद झालेले उंदीर तिथे ठेवत नाहीत, मारतात.

"मी घरी नेतो म्हटलं तर?" लताताईंनी विचारलं.

"औषध टोचलेलं आहे, दीदी. परवानगी नाही."

परक्या हाताला घाबरतील बिचारे, म्हणून पिंजऱ्यातून काढायला लताताई स्वतःच गेल्या. नोकरी त्यांनी त्यानंतर सोडली. मायेनं केलं तेच जिवावर उठलं, ही हळहळ काही जात नाही. परवा ओट्यावर बसून मला सांगत होत्या.

"हात घातला, तर एकबी पळाला नाही, भैया. बोट चाटून राहिले होते. त्यांना वाटलं, मी खीर घेऊन आली."