काहून बाई

शाळेत आम्ही त्यांना 'काहून बाई' म्हणायचो. त्या मराठी शिकवत आणि वर्गात अगदी छापील भाषा बोलत; पण आम्ही उत्तर दिलं की तोंडून 'का'ऐवजी एकच नागपुरी शब्द निसटायचा. 'कवीने नदीला आई म्हटले आहे' असं लिहून मी सुटले असं वाटायचं, तर बाई वहीवर बोट ठेवून उभ्या. "काहून? मावशी काहून नाही म्हटलं?" वर्ग हसायचा. बाई हसत नसत. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

दहावीत मला टायफॉइड झाला. शाळा सुटली की बाई सायकल हाणत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी यायच्या आणि बाहेरच्या खोलीत बसून दीड तास शिकवायच्या. परीक्षेपर्यंत एक दिवस चुकला नाही. वडिलांनी शिकवणीच्या पैशांचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "माझ्या वर्गातली मुलगी आहे. त्यात काय?" पुढे मला नागपुरातच, सदर भागात नोकरी लागली, वडील गेले, मी आणि आई दोघीच उरलो; तरी महिन्या-दोन महिन्यांनी बाईंची चक्कर असायचीच.

बाईंच्या वडिलांनी छप्पन्नला दीक्षाभूमीवर धम्म घेतलेला. मागच्या वर्षी त्यांच्या विहारातली मंडळी लुंबिनीला निघाली. पंचाहत्तरीच्या बाईंचा फोन आला, "तू चाल वं माह्यासोबत. पायऱ्यांवर हात धरायले कोणी तर पाहिजे." लुंबिनीहून आम्ही काठमांडूला गेलो, आणि शेवटचा एक अख्खा दिवस शेजारचं जुनं पाटण शहर पाहायला मिळाला.

त्या दिवशी मला हात धरावाच लागला नाही. बाई पुढे, मी मागे. लाकडात कोरलेल्या खिडक्यांपुढे त्या इतक्या वेळ उभ्या राहिल्या की आमची मंडळी पुढे निघून गेली. राजवाड्यामागच्या बोळात तिथल्या नेवार समाजाची एक स्त्री तव्यावर 'बारा' नावाचा पदार्थ भाजत होती. "हे तं आपलं उडदाचं धिरडंच होय," म्हणत बाईंनी दुसरं मागून घेतलं. नंतर योमरी खाल्ली, तांदळाच्या पिठाची, आत गूळ भरलेली. बोटं चाटत म्हणाल्या, "मले इथंच राहू दे. तू जाय नागपूरले."

जेवणानंतर एका बहालात शिरलो. बहाल म्हणजे जुना विहार: मधे चौक, चारी बाजूंनी घरं, समोर बुद्धाचं देऊळ. चौकातल्या एका खोलीत एक म्हातारे कारागीर, जातीने शाक्य, आणि त्यांची मुलगी मेणाची मूर्ती घडवत होते. मेणावर माती लिंपायची, भाजून मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत तांबं ओतायचं. मुलगी बुद्धाच्या पापण्या कोरत होती. बाई श्वास रोखून बघत राहिल्या. मग चपला काढून सरळ देवळाच्या पायऱ्या चढल्या.

म्हातारे लगबगीने उठले. "माताजी, अंदर नहीं."

"हम बौद्ध हैं," बाई हसून म्हणाल्या.

"जी. लेकिन अंदर सिर्फ इसी बहाल के शाक्य पुरुष जाते हैं, जिनकी दीक्षा यहाँ हुई हो. बाकी सब बाहर से."

"मैं भी नहीं जाती," मुलगी खालूनच म्हणाली.

"काहून?" बाईंच्या तोंडून गेलं. दोघांनाही तो शब्द कळला नाही. पण बाईंचा चेहरा कळला असावा, कारण म्हाताऱ्यांनी हात जोडले.

मी बाईंना खाली आणून पायरीवर बसवलं. मला संताप आला होता. "बुद्धाच्या दारात जन्म विचारतात, बाई! हे कसलं?"

माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या, "त्याहिनं तोंडावर सांगितलं तरी. तुह्या घरी मी पस्तीस वर्षं येऊन राहिली. मधल्या दाराच्या आत एकदा तरी गेली का वं?"

टायफॉइडच्या दिवसांत बाईंचा चहा काचेच्या कपात यायचा. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. त्या गेल्या की तो कप धुऊन खिडकीत वेगळा ठेवायचं काम माझं होतं. मी ते रोज केलं होतं, आणि मग विसरूनही गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तरीण आहो मी. मले नाही समजत?"

"मग येत का राहिलात?"

"तुही परीक्षा होती ना," असं म्हणून त्या उठल्या.

नागपूरला उतरतानाच ठरवलं, बाईंना जेवायला बोलवायचं, आत, स्वयंपाकघरात, आईसमोर. पण आईजवळ विषय काढायला धीर होईना. तिचं वय झालंय, ती दुखावेल, पुढच्या रविवारी बोलू. असे कितीतरी रविवार गेले. मग एका सकाळी विहारातून फोन आला, बाई झोपेतच गेल्या.

मी फोन ठेवला. आई देवघरासमोर फुलं निवडत होती. तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"त्यांना आत बोलवायचं राहूनच गेलं गं," ती म्हणाली. "मी रोज मनाशी म्हणत होते, आज तू विषय काढशील."